खारपाणपट्ट्याच्या पाण्यासाठी परदेशात शिकायला जावे का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझे गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीपासून चार किलोमीटरवर, म्हणजे थेट खारपाणपट्ट्यात आहे. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी गाळाच्या मातीचा एक पट्टा जातो. तिथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते मचूळ आहे. आमच्या घरच्या विहिरीचे पाणी चहाला घेतले तर दूध फाटते, तुरीची डाळ कितीही रटरटली तरी शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या घागरीच्या, आतून पंधरा दिवसांत पांढरा थर धरतो आणि आई तो चिंचेने घासून काढते. गेल्या दिवाळीत मी पुण्याहून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचे उपकरण, घेऊन गेलो होतो. घरच्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ३,९०० मिलिग्रॅम क्षार निघाले. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, सांगते की हे प्रमाण ५०० पर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावे. आम्ही त्याच्याही जवळपास दुपटीवर आहोत.

धरणावरून येणारी प्रादेशिक नळयोजना गावात आहे, पण उन्हाळ्यात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येते. मधल्या दिवसांत लोक वीस लिटरचे जार विकत घेतात आणि ज्यांना ते परवडत नाही ते विहिरीवर जातात. माझ्या मोठ्या मामांचे डायलिसिस तीन वर्षे चालले आणि मग ते गेले. ते पाण्यामुळेच गेले असे मी म्हणणार नाही, कारण तसे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नाही. पण त्यांच्या दहाव्याच्या दिवशी मी मनाशी ठरवले की माझे शिक्षण या पाण्याच्या कामी यायला हवे.

मी स्थापत्य अभियंता आहे. पुण्यातील एका सल्लागार कार्यालयात तीन वर्षांपासून जलकुंभ आणि वितरण वाहिन्यांची संकल्पचित्रे करतो. आता परदेशात पाण्याच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते, परंतु तीन प्रश्नांवर अडलो आहे. पाणी शुद्धीकरण शिकावे की भूजलशास्त्र? परदेशात शिकलेले आपल्या मातीत खरोखर लागू पडते का? आणि घरच्या पाच एकरांवर कर्ज काढून जाणे योग्य ठरेल का? वडिलांची ना नाही, पण ते रात्री उशिरापर्यंत जागे असतात हे आई फोनवर सांगते.

संथ_गाळणी

तुमचा धागा वाचून राहवले नाही. मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट येथील आयएचई या जलशिक्षण संस्थेत शिकलो आहे आणि सध्या नागपुरात काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१९५३ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समध्ये समुद्राचे बांध फुटून १,८०० हून अधिक माणसे दगावली. पाण्यासोबत कसे जगायचे हा त्या देशापुढचा रोजचाच प्रश्न आहे आणि १९५७ मध्ये तिथे विकसनशील देशांतील अभियंत्यांसाठी जे अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांतून ही संस्था उभी राहिली. माझ्या वर्गात इथिओपिया, घाना, नेपाळ आणि बांगलादेशातील मुले होती आणि त्यांतील बहुतेक जण आपापल्या देशातील पाणीपुरवठा खात्यात पाच-सात वर्षे काम करून आलेले होते. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला आपल्या गावाचे पाणी फळ्यावर काढून दाखवायला सांगितले गेले. ते कुठून येते, कुठे साठते, कोण भरते, पैसे कोण देते. मी नागपूरचे चित्र काढले आणि अर्ध्यावरच लक्षात आले की आमच्या वस्तीतील व्हॉल्व्ह कोण उघडतो हेसुद्धा मला माहीत नाही. तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. ॲमस्टरडॅम शहराला १८५३ पासून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतले पाणी मिळते. समुद्र इतका जवळ असूनही त्या टेकड्यांखाली गोडे पाणी सापडते, कारण पावसाचे मुरलेले गोडे पाणी हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. बादोन गायबेन या डच लष्करी अभियंत्याने १८८० च्या दशकाच्या शेवटी आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ मध्ये त्याचा हिशोब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ असा की वरची पातळी उपशाने एक मीटर उतरली, तर खालून खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. ॲमस्टरडॅमने नेमका हाच फटका खाल्ला. शहर वाढले, उपसा वाढला आणि विहिरींत खारेपणा येऊ लागला. अखेर १९५७ पासून त्यांनी ऱ्हाईन नदीचे पाणी आधी गाळून या टेकड्यांत मुरवायला सुरुवात केली. मुरलेले पाणी पुन्हा काढून त्यावर वाळूची जलद गाळणी, ओझोन, कठीणपणा कमी करणे, सक्रिय कोळसा आणि शेवटी संथ वाळू गाळणी अशा पायऱ्या होतात, आणि ते क्लोरीन न घालता नळाला जाते.

खारपाणपट्ट्यातील माणसाने हे प्रत्यक्ष पाहावे असे मला मनापासून वाटते. सबब तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर भूजलशास्त्र हेच आहे. लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन येथील संस्था मिळून भूजल आणि जागतिक बदल या विषयाचा एक संयुक्त अभ्यासक्रम चालवतात. तो युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस योजनेतला असल्याने त्याला शिष्यवृत्तीही असते. त्याची माहिती अवश्य काढा.

निवृत्त_उपअभियंता

मी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यात एक भर घालणे मला आवश्यक वाटते.

पूर्णाकाठ, तुमच्या भागातील मचूळ पाणी समुद्रामुळे आलेले नाही. तिथे शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे, त्यात चिकणमातीचे थर आहेत आणि त्यामुळे पाणी फार सावकाश हलते. परिणामी क्षार धुऊन निघत नाहीत. याउलट उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा आहे. तिथे पाऊस झपाट्याने मुरतो आणि पाणी गोडे असते, म्हणूनच तिथे संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या. हॉलंडची वाळू आणि पूर्णेची चिकणमाती या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तुमच्या विहिरीत चार ग्रॅमसुद्धा नाहीत. म्हणजे हलके पाणी जड पाण्यावर तरंगण्याचा जोर तुमच्याकडे फारच कमी आहे. तो चाळीसचा हिशोब तिकडून उचलून इकडे लावता येणार नाही. तिकडची पद्धत शिका, पण आकडे मात्र इथल्या मातीतून काढा.

दुसरी गोष्ट यंत्रांची. एका गावात एका कंपनीने आरओचे, म्हणजे पाणी पडद्यातून दाबून क्षार वेगळे करणारे, यंत्र बसवून दिले होते. उद्घाटनाला मोठा मांडव पडला होता. तासाला पाचशे लिटर पाणी आणि पाच रुपयांत वीस लिटर असा भाव होता. पहिले सहा महिने रांगा लागत. नंतर पडद्यावर क्षार बसून धार बारीक झाली. नवा पडदा आणायचा तर ग्रामपंचायतीकडे पैसे नव्हते, कारण पाच रुपयांचा हिशोब करताना पडदा बदलण्याचा खर्च कोणी धरलाच नव्हता. त्या गावी मी अकरा महिन्यांनी गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते आणि मागच्या बाजूला, जिथे यंत्राचे टाकाऊ पाणी सोडत असत, तिथली बाभळीची झुडपे वाळून गेली होती. अशा यंत्रात शंभर लिटर घातले तर साधारण निम्मेच पिण्याजोगे निघते आणि उरलेल्या निम्म्यात सगळे क्षार एकवटून ते दुप्पट खारे होते. ते नाल्यात सोडले की शेजारच्याच विहिरीत मुरते.

तिसरी गोष्ट माणसांची. गावाचे पाणी जलसुरक्षकाच्या हातात असते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर किती घालायची, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे कळायला ओटी या रसायनाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहायचे, हे तो करतो आणि त्याचे मानधन महिनोन् महिने थकलेले असते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले, त्यात माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात त्या मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. नळ बरेच बसले. परंतु पंपाचे वीजबिल थकले की जोडणी तुटते आणि मग नळ आणि जलकुंभ दोन्ही शोभेचे ठरतात. परदेशात शिकताना वाहिनीच्या व्यासाइतकेच या गोष्टीकडेही लक्ष द्या. त्यांच्याकडे पाणीपट्टी कशी ठरते, वसूल कशी होते आणि गळती शोधायला माणसे कशी नेमतात, ते विचारा.

शाळेची_घंटा

मी यवतमाळ जिल्ह्यात शिक्षिका आहे. आमच्या तालुक्यात खारेपणाचा त्रास नाही, आमच्याकडे फ्लोराइड आहे. ते चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, रंगालाही कळत नाही. पाणी अगदी गोड लागते. चौथीच्या वर्गात मुलांना हसायला सांगितले की कोणत्या वस्तीतली मुले कोणत्या हातपंपाचे पाणी पितात हे मला त्यांच्या दातांवरच्या तपकिरी पट्ट्यांवरून ओळखता येते. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की पाणी पिण्यास अयोग्य मानतात आणि वर्षानुवर्षे जास्त प्रमाण पोटात गेले तर हाडे आखडतात.

मला इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत कोणी परदेशातून आणलेली नाही. ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर ठरलेल्या मापाने घालायची, ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे, इतकी ती सोपी आहे. माझ्या शाळेत आम्ही ती दोन वर्षे चालवली. रोज सकाळी साडेआठला मी मापाच्या चमच्याने तुरटी घालत असे आणि सातवीच्या दोन मुली लाकडी दांड्याने दहा मिनिटे ढवळत असत. माझी प्रशिक्षणाला रवानगी झाली, परत आले तर बादली कोरडी होती. तुरटी संपली होती, आणायची कोणी हा प्रश्न पडला होता आणि साचलेला गाळ कुठे टाकायचा हे कोणालाच ठरवता आले नव्हते.

म्हणून पूर्णाकाठदादा, तुम्ही तिकडे जाल तेव्हा एक प्रश्न माझाही घेऊन जा. रोज माणसाने उभे राहून करावी लागणारी पद्धत वर्षानुवर्षे टिकवण्याची युक्ती कुठल्या देशात जमली आहे का? रसायनशास्त्र आमच्याकडे आहे, ते टिकत का नाही हे मला समजून घ्यायचे आहे.

संथ_गाळणी

ताई, तुमचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला. नीरीबद्दल एक जोड देतो. संथ वाळू गाळणी खेड्यांना परवडेल अशी कशी करावी यावर नीरीने हॉलंडमधील एका संस्थेबरोबर पूर्वी बरेच काम केले आहे. तिथे ना रसायन लागते ना ढवळावे लागते. वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांची साय धरते आणि तीच रोगजंतू खाते. काही आठवड्यांनी वरची बोटभर वाळू खरवडून काढली की गाळणी पुन्हा चालू होते. अर्थात क्षार किंवा फ्लोराइड तिने जात नाहीत, ती जंतूंसाठी आणि गढूळपणासाठी आहे. मला तिच्यात आवडते ते एवढेच की तिला माणसाची गरज रोज लागत नाही.

दूरदेशी

मी कॅलिफोर्नियात राहते, म्हणून एका मराठी माणसाचे काम इथे सांगावेसे वाटते. डॉ. अशोक गाडगीळ मुंबईत जन्मले, कानपूरच्या आयआयटीत शिकले आणि बर्कलेला भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाले. १९९२-९३ मध्ये बंगालमध्ये पटकीच्या नव्या प्रकाराची साथ आली आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर त्यांनी अतिनील किरणांनी पाण्यातील जंतू मारणारे, टेबलावर मावेल एवढे यंत्र तयार केले. ते मिनिटाला सुमारे पंधरा लिटर पाणी निर्जंतुक करते आणि त्याला वीज एखाद्या दिव्याइतकीच लागते. अशा दिव्यांत एक अडचण असे. दिवा पाण्यात बुडवला की त्याच्या काचेवर थर बसतो आणि किरण पोचेनासे होतात. त्यांनी दिवा पाण्याच्या वर टांगला आणि पाणी त्याच्याखालून उथळ वाहू दिले. काच पुसण्याचे कामच उरले नाही. वर शिक्षिका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित याच दिशेला सापडेल. माणसाला रोज जे करावे लागते ते रचनेतूनच काढून टाकायचे.

पुढे बंगालच्या भूजलातील विषारी आर्सेनिकसाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लोखंडी पत्र्यांतून थोडी वीज सोडून गंज तयार करायची आणि त्या गंजाला आर्सेनिक चिकटवून काढायचे अशी पद्धत बसवली. प्रयोगशाळेतून निघालेली ही पद्धत पश्चिम बंगालमधील धपधपी येथील शाळेत दिवसाला दहा हजार लिटरच्या केंद्रापर्यंत यायला २०१६ साल उजाडले. मध्ये सुमारे दहा वर्षे गेली. तुम्ही तिकडून परत येऊन दोन वर्षांत गाव गोडे करू असे मनाशी धरले असेल, तर या कालावधीकडे नीट पाहा. हे निराश करण्यासाठी म्हणत नाही. इतका काळ टिकून राहायचे आहे हे आधी ठाऊक असले की माणूस मधेच सोडून देत नाही.

दुसरे उदाहरण बांगलादेशचे. तिथे तळ्यांतील दूषित पाण्याने पोरे मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. त्या मागचा हेतू शुद्ध होता, परंतु पाण्यातील आर्सेनिक कोणी तपासले नव्हते. मूळचे बांगलादेशचे, अमेरिकेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले अबुल हुसाम यांनी बादल्यांमध्ये लोखंडाचे मिश्रण, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे भरून गाळणी बनवली. तिला २००७ मध्ये दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि त्यातील बहुतेक रक्कम त्यांनी गाळण्या वाटण्यासाठीच दिली. या दोघांनीही परदेशातच राहून मायदेशाचे काम केले. तेव्हा परत आलात तरच उपयोग, असे स्वतःला बांधून घेऊ नका.

शिष्यवृत्त्यांबद्दल थोडक्यात सांगते. जर्मनीच्या डीएएडी या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांना साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो तुमच्याकडे आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंगमध्ये शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. तुमचा तसा विचार आहेच, त्यामुळे ती अट तुम्हाला जड जाऊ नये. अनुसूचित जातीतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. हे सर्व अर्ज करून पाहिल्याशिवाय पाच एकरांना हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

इथेच_थांबा

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट मांडतो. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शिकवणारे सितारा हे केंद्र १९८५ पासून आहे. पुण्यात ॲक्वाडॅम ही संस्था भूजल आणि जलधर खडकांचे शिक्षण देते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून विहिरींच्या नोंदी ठेवते आहे. तुमच्या गावाचा प्रश्न तुमच्या गावात आहे, मग वर्ष-दीड वर्ष त्याच्यापासून सात हजार किलोमीटर दूर जाऊन काय साधणार? तोच वेळ आणि पैसा इथल्या चाळीस विहिरी मोजण्यात घातला तर जास्त कळेल. परदेशी पदवीला आपल्याकडे जो मान मिळतो, तो कामापेक्षा मोठा होऊन बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

चवदार

या शेवटच्या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या देशात पाण्यासाठी ज्यांनी सर्वांत मोठा लढा दिला, त्यांचे शिक्षण कोलंबिया आणि लंडनला झाले होते. मुंबई कायदेमंडळाच्या १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला, तरी चवदार तळ्यावर दलितांना पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ओंजळीने पाणी घेतले. नंतर त्याच तळ्यावरून खटला चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सत्याग्रहींच्या बाजूने निकाल दिला. आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना त्याच बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेची आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाची पायाभरणी केली. नदीचे खोरे हा एकच घटक धरून विचार करायचा, ही दृष्टी त्यांनी तिथे लावून धरली. तेव्हा परदेशी शिकणे म्हणजे गावापासून तुटणे असे सरसकट म्हणू नये.

पूर्णाकाठ, तुम्हाला मी एकच विचारतो. तुमच्या गावात नळाला पाणी आठ दिवसांनी येते, तेव्हा ते आधी कोणत्या आळीला येते आणि शेवटच्या टोकाला कोण राहते? आमच्या गावी वाहिनीचे शेवटचे टोक आमच्या वस्तीत आहे आणि तिथे दाब कधीच पुरत नाही. संकल्पचित्रात तो केवळ एक आकडा असतो. टीडीएस मोजाल तेव्हा हेही मोजा.

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात गावी जाऊन आलो.

'चवदार' यांनी विचारले ते आधी सांगतो. वाहिनीचे शेवटचे टोक आमच्याही गावात बौद्धवाड्यात आहे. त्याच गावात वाढूनही मी हे कधी पाहिले नव्हते आणि याची मला लाज वाटली. नळाला पाणी आले त्या पहाटे मी घड्याळ घेऊन बसलो. वरच्या आळीत वीस लिटरचा गुंड दीड मिनिटात भरला. वाड्यातील शेवटच्या नळाला त्याच गुंडासाठी अकरा मिनिटे लागली आणि सहाव्या गुंडाला पाणी गेले.

'इथेच थांबा' यांचे चाळीस विहिरींचे म्हणणे मी मनावर घेतले. चाळीस जमल्या नाहीत, सात झाल्या. 'निवृत्त उपअभियंता' काकांचे वाचून मला वाटले होते की आमच्या चिकणमातीत गोड्या पाण्याचा थर वगैरे काही सापडणार नाही. एका बाटलीला तळाशी दगड बांधला, तोंडाला बूच लावले आणि बुचाला वेगळी दोरी बांधली. हव्या त्या खोलीवर बाटली सोडायची आणि मग बूच ओढायचे, म्हणजे त्याच खोलीचे पाणी आत येते. सहा विहिरींत वर आणि खाली जवळपास सारखाच खारेपणा निघाला, तीन हजारांच्या वर. सातवी विहीर गावतळ्याच्या पाळीला लागून आहे. ती कोणाच्या फारशा वापरात नाही, वडिलांनीच तिकडे नेले. तिच्यात पाण्याच्या पृष्ठभागाला ८६० आणि चार मीटर खाली ३,४०० लागले. तिथेच उभे राहून मी तीनदा मोजले. वडिलांनी वरचे पाणी ओंजळीत घेऊन चाखले आणि म्हणाले, "हे तर गोडं हाय."

जाण्याचे माझे ठरले आहे, शिष्यवृत्ती मिळाली तरच. भूजलाचाच अभ्यासक्रम घेणार आहे आणि अर्जात याच एका विहिरीबद्दल लिहिले आहे. तळ्यातून मुरणारे गोडे पाणी वरच्या थरात किती काळ टिकते आणि ते वरच्यावर, हळूहळू कसे काढावे म्हणजे खालचे खारे पाणी वर ओढले जाणार नाही, हा माझा प्रश्न आहे. शिक्षिका ताईंचा प्रश्नही सोबत नेतो आहे.

निवृत्त_उपअभियंता

फार चांगले काम केलेत. दोन सूचना करतो. पहिली, ही मोजणी कोणत्या महिन्यात केली ते नोंदवा, कारण पावसाळ्यानंतर वरचा थर जाड असतो आणि मे महिन्यात तो मुळीच नसण्याची शक्यता आहे. वर्षभर दर अमावास्येला मोजले तरच त्याला अर्थ येईल. तुम्ही गेल्यावर हे कोण करणार ते आत्ताच ठरवा आणि त्याला बाटली वापरायला शिकवून जा. दुसरी, मोजताना आजूबाजूच्या विहिरींचे पंप आदल्या रात्रीपासून बंद असले पाहिजेत, नाहीतर पाणी ढवळून आकडा फसवा येतो. क्षारांसोबत काठापासून पाण्यापर्यंतची खोलीही टेप लावून मोजा.

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

मोजणी नोव्हेंबरची आहे काका. पंपांचे लक्षात आले नव्हते, पुढच्या वेळी शेजारच्या दोघांना आधी सांगून ठेवतो. बाटलीचे काम शाळेतील विज्ञानाच्या सरांनी आणि वाड्यातील नववीच्या दोन मुलींनी घेतले आहे. त्यांच्यासाठी दोनशे पानी वही आणली, तिच्यावर रकाने आखून दिले आणि पहिली ओळ भरून ठेवली आहे.

शाळेची_घंटा

त्या मुलींना माझा निरोप सांगा. वहीत तारखेच्या पुढे मोजणाऱ्याचे नाव लिहायचा रकाना ठेवा. आमच्या बादलीच्या वहीत तो नव्हता.

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

ठेवतो, ताई. आजच सरांना फोन करतो.